अर्ज भरण्याआधी आपला दाखला कुठे चालतो ते पाहा



वैशाली नगरमधल्या या बैठकीला आलेल्या बहुतेकांचे गाव महाराष्ट्रात आणि घर जयपुरात आहे. आईवडील नोकरीसाठी इकडे आले. तुम्ही घरातले पहिले पदवीधर. आता प्रश्न आहे, एमबीए करावे का आणि कुठे. माझे म्हणणे असे की कॉलेजचे नाव पाहण्याआधी आपला जातीचा दाखला तिथे चालतो का, ते पाहा.

1990 साली सर्वोच्च न्यायालयापुढे मारी चंद्रशेखर राव यांचा खटला आला. आंध्रातल्या अनुसूचित जमातीचा हा मुलगा वडिलांच्या नोकरीमुळे मुंबईत वाढला. सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्याने राखीव जागा मागितली. घटनापीठाने ती नाकारली. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यनिहाय आहेत, स्थलांतराबरोबर तो हक्क दुसऱ्या राज्यात जात नाही, असा निकाल लागला.

आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. राजस्थान विद्यापीठासारख्या राज्याच्या संस्थेत महाराष्ट्राच्या दाखल्यावर राज्याची राखीव जागा मिळत नाही. पण आयआयएम उदयपूर केंद्राची संस्था आहे. तिथे अनुसूचित जातींना 15, जमातींना 7.5 आणि ओबीसींना 27 टक्के जागा आहेत. कॅटला बसण्यासाठी अनुसूचित जाती-जमातींना पदवीला 45 टक्के पुरतात. मुंबईच्या जमनालाल बजाज किंवा सिडनहॅमचा विचार असेल, तर सीईटीसोबत अधिवासाची अट वाचा आणि जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आजच करा. त्याला महिने लागतात.

दुसरा प्रश्न पैशाचा. केंद्राच्या टॉप क्लास योजनेत कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत असेल, तर निवडक संस्थांत अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचे शुल्क मिळू शकते. पण प्रत्येक संस्थेत जागा मोजक्या असतात. महाराष्ट्रात फ्रीशिप हवी असेल, तर प्रवेश कॅप फेरीतूनच घ्या. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात, तर ती हातची जाते. मग उरते कर्ज, आणि आपल्या घरात ते फेडायला दुसरे कुणी नसते.

तिसरा प्रश्न नोकरीचा. कॉलेज सरासरी पगार छापते, तुम्ही मध्यक विचारा. समजा दहा जणांपैकी एकाला तीस लाख आणि नऊ जणांना चार-चार लाख मिळाले. सरासरी 6.6 लाख दिसेल, पण तुमच्या वाट्याला बहुधा चारच येतील. किती जणांना नोकरीच मिळाली नाही, हेही विचारा.

एवढे करून एमबीए घ्यावे का? आपल्या ओळखीचा कुणी कंपनीत साहेब नाही, म्हणून कॅम्पस मुलाखतीचे दार आपल्याला इतरांपेक्षा जास्त मोलाचे. मात्र पदवीने जात पुसली जाईल, असे समजू नका. बाबासाहेब 1917 साली परदेशी शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पण 1918 साली त्याच शिक्षणावर सिडनहॅममध्ये प्राध्यापकी मिळाली आणि तिथल्या पगारातून वाचवलेले पैसे 1920 साली लंडनला परत जाताना कामी आले.

आज घरी गेल्यावर तीन कॉलेजांची नावे लिहा. प्रत्येकापुढे तीन रकाने करा : दाखला चालतो का, शुल्क कोण भरणार, मध्यक पगार किती. एकही रकाना कोरा असेल, तोवर अर्जाचे शुल्क भरू नका. अडले तर पुढच्या रविवारी कागद घेऊन या, एकत्र बसून पाहू.

जय भीम.