लवादाच्या खुर्चीत कोण?



सकाळपासून निम्म्या वर्गाने विचारलंय, ‘तू नक्की करतेस काय?’ दोन देशांतल्या कंपन्यांचं भांडण झालं की एकमेकींच्या देशातल्या कोर्टात जायला त्या कचरतात. म्हणून करारातच लवाद ठरवून ठेवतात. अशा लवादांपुढे मी बाजू मांडते.

हे लांबचं समजू नका. २०२० साली सिंगापूरच्या लवाद केंद्रात १०८० नवी प्रकरणं आली. परदेशी पक्षकारांत सर्वांत जास्त भारतीय होते, ६९०. पॅरिसच्या आयसीसीकडे त्याच वर्षी ९४६ प्रकरणं आली.

पण निकाल देतं कोण? आयसीसीच्या प्रकरणांतल्या लवादांच्या नेमणुकांत २०१५ साली स्त्रिया जेमतेम दहा टक्के होत्या, २०२० साली २३.४ टक्के. आपल्या गणिताच्या बाई टक्केवारी दिसली की विचारायच्या, ‘कशाचे टक्के?’ बाई, हे नेमणुकांचे टक्के आहेत, माणसांचे नव्हेत. एकीलाच पाच प्रकरणांत नेमलं तर ती पाचदा मोजली जाते. शिवाय संस्था स्वतः नेमते तेव्हा बायका जास्त दिसतात. पक्षकारांवर सोडलं की तीच ती ओळखीची नावं. ती सुचवतो कोण? आम्ही वकीलच!

मी माझ्या यादीत निदान दोघींची नावं घालते. एका अशिलाने विचारलं, ‘मॅडम, यांचा अनुभव किती?’ म्हटलं, पहिलं प्रकरण कुणी दिलंच नाही तर अनुभव येणार कुठून? त्यांनी नाव खोडलं. पुढच्या यादीत मी ते पुन्हा लिहिलंय.