गंज म्हणजे लॉग फाइल

आज ट्रॉम्बेतून बोलतोय. इथल्या खाऱ्या हवेत माझ्या सायकलची चेन दोन पावसाळ्यांत गंजते. मग नागपूर जिल्ह्यात नायकुंड, माहुरझरीला सापडलेलं महापाषाण काळातलं लोखंड अडीच हजार वर्षं जमिनीत टिकलं कसं?

उत्तर गंजातच आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर गंज म्हणजे लॉग फाइल. तुकडा कापून मायक्रोस्कोपखाली ठेवला की थर दिसतात: आत धातू, त्यावर मॅग्नेटाइट, गोएथाइट, बाहेर माती मिसळलेला थर. किती धातू गंजला भागिले वय, की सरासरी वेग मिळाला. मिठातलं क्लोराइड आत शिरलं असेल, तर वस्तू बाहेर काढल्यावर कपाटातही फुटत राहते.

याचा उपयोग काय? इथे ट्रॉम्बेत अणुइंधनाचा अतिकिरणोत्सारी कचरा काचेत मुरवून स्टीलच्या डब्यांत भरतात. असा कचरा हजारो वर्षं सांभाळायचाय. लॅबमधली टेस्ट चालते काही वर्षं. म्हणून फ्रान्समध्ये जमिनीत पुरलेलं जुनं लोखंड तपासून अंदाज बांधतात.

तेव्हा शेतात जुनी कुऱ्हाड सापडली, तर घासूनपुसून चकचकीत करू नका. पुरातत्त्व खात्याला कळवा. लॉग एकदा डिलीट झाला, की बॅकअप नाही!