नको, नका आणि बेडा

 

दसरा-दिवाळी झाली की आपल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात जातं, कुणी कर्नाटकात. आपण पीठ-मीठ, ताडपत्री, लेकरांचे कपडे बांधून घेतो. आमच्या गटात आम्ही म्हणतो, सोबत मनाईचं एक वाक्यही बांधून न्यावं.

मराठीत ते सोपं आहे. क्रियापदाला 'ऊ' जोडायचा आणि पुढं 'नको' म्हणायचं. कर, करू नको. जा, जाऊ नको. दे, देऊ नको. एकही क्रियापद हा नेम मोडत नाही. समोर मोठं माणूस किंवा परकं माणूस असलं की 'नको'चं 'नका' होतं: हात लावू नका. आपल्याला वाटतं, मुकादमाला किंवा ट्रॅक्टरवाल्याला असं तोंडावर म्हटलं तर अपमान होईल. पण 'नका'मध्ये मान आधीच आहे. मान राखूनही मनाई ठाम करता येते.

तिसरा शब्द 'नये'. डीपीवर पाटी असते, 'हात लावू नये'. तो सगळ्यांसाठी नियम झाला. तो कुणा एकाला उद्देशून नसतो. म्हणून अंगावर वेळ आली की 'असं करू नये' म्हणत बसू नका. समोरच्याकडं बघून म्हणा, 'हात लावू नका!' नुसतं 'नका' म्हणण्यापेक्षा काय करू नका तेही बोला, म्हणजे शेजारच्या कोपीतल्या बायकांनाही कळतं.

कर्नाटकात काय म्हणायचं? कन्नडमध्ये आपल्या 'नको'सारखाच 'बेडा' आहे. चहा नको असेल तरी बेडा, आणि मनाई करायची तरी क्रियापदाला जोडून बेडा. माडबेडा म्हणजे करू नको. मुट्टबेडा म्हणजे हात लावू नको. 'नका' म्हणायचं तर शेवटी 'बेडि': मुट्टबेडि, हात लावू नका. हत्तिर बरबेडि, जवळ येऊ नका. आपल्या पायातल्या बेडीची आठवण ठेवली की शब्द विसरत नाही. ही बेडी मात्र आपल्याला सोडवणारी आहे.

प्रत्येक भाषेची रीत वेगळी. स्पॅनिशमध्ये आधी 'नो' येतो आणि क्रियापदाचा शेवट बदलतो: 'आब्ला' म्हणजे बोल, 'नो आब्लेस' म्हणजे बोलू नको. पण मनाई करायची सोय नाही अशी भाषा आमच्या ऐकण्यात नाही.

आपण फडात असतो तेव्हा पोरी कोपीवर एकट्या असतात. त्यांना ही वाक्यं मोठ्यानं म्हणायला शिकवा. मनाई करूनही कुणी ऐकलं नाही, तर दोष पोरीचा नाही, हेही सांगा. लेकरांसाठी 1098, बायकांसाठी 181 आणि तातडीच्या मदतीला 112 हे नंबर पाठ करून घ्या. कामावर कुणी त्रास दिला तर 2013 च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं तक्रार करता येते. ऊसतोड कामगार बाईलाही हा हक्क आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते. लिहिता येत नसेल तर समितीनं मदत करायची असते.

येत्या बैठकीत हप्ता जमा झाला की प्रत्येकीनं एकदा मोठ्यानं म्हणून बघा: हात लावू नका. मुट्टबेडि. आवाज बाहेर रस्त्यापर्यंत गेला पाहिजे. राम राम.