गाव सुटलं, शाळा सुटू नये

झाशीच्या पंचक्रोशीतून कितीतरी कुटुंबं रोजगारासाठी वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात. मुलंही सोबत निघतात. त्यांची शाळा टिकवणं एकट्या गुरुजींचं काम नव्हे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं अशा मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी नवी सरकारी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. याच कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या जागा महिलांना, आणि वंचित घटकांतल्या पालकांनाही त्यांच्या प्रमाणात स्थान. उत्तर प्रदेशात ‘ऑपरेशन कायाकल्प’मधून ग्रामपंचायतीचा निधी शाळेच्या पाण्यासाठी, स्वच्छतागृहांसाठी वापरला जातो. मूल संकटात दिसलं, तर 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक फिरवा. आणि समितीच्या बैठकीत आधी विचारा: महिनाभर कोण आलेलं नाही?