निवासी पुनर्वसनगृहाची पारख

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका खाजगी निवासगृहास आग लागून २८ जण प्राणास मुकले. साखळदंडांनी बांधलेल्या त्या जिवांना पळता आले नाही. व्यसनमुक्ती केंद्र किंवा मनोरुग्णांचे निवासगृह पाहावयास जाणाऱ्या पंचायत सदस्यांनी व शिक्षक बंधुभगिनींनी ही घटना ध्यानी ठेवावी.

संस्थेच्या नोंदवह्या बहुधा चोख असतात. भेटीची पूर्वसूचना दिलेली असेल तर त्या दिवशी पंगतीत गोडधोडही असते! म्हणून दप्तराआधी माणसे पाहावीत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई आहे. सक्तीचे मुंडण वा गणवेशाची सक्तीही करता येत नाही. काम सक्तीने घेता येत नाही आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला द्यावा लागतो. तेव्हा सर्वांचीच डोकी भादरलेली दिसली, किंवा स्वयंपाकघरात रुग्णच राबताना आढळले, तर कारण विचारावे. एखाद्या रुग्णाशी, त्याची इच्छा असल्यास, एकांतात बोलावे; मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करता येतो, हे त्यास कोणी सांगितले आहे काय, तेही पाहावे. निघण्यापूर्वी शयनगृहाचे दार तपासावे. रात्री बाहेरून कुलूप लागत असेल, तर किल्ली कोणाजवळ असते आणि तो कोठे निजतो, याची चौकशी अवश्य करावी.