हायस्कुलात जागा नाही म्हणाले तर

(बैठकीत झालेले भाषण)



जमिनीच्या दाव्याला आपण पुरावे जोडतो, पोच घेतो. शाळेच्या अर्जालाही तेच करायचं.

आपल्या बीड जिल्ह्यात कित्येक गावांची शाळा चौथीला, नाहीतर सातवीला संपते. पुढं हायस्कूल. तिथं कुणी म्हणतं जागा नाही, कुणी दाखला मागतं. पोरगी घरी बसते, अन् दसरा-दिवाळीला टोळीबरोबर उसाच्या फडावर जाते.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना आठवीपर्यंत हक्क देतो. वयाचा दाखला नाही (कलम १४), उशिरा आली (कलम १५), म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. सरकारी, अनुदानित शाळेला टी.सी. यायची आहे म्हणूनही अडवता येत नाही (कलम ५).

तोंडी नकार घेऊन परतू नका. अर्ज लिहा: तारीख, मुलीचं नाव, वय, इयत्ता, शाळेनं काय सांगितलं. आपल्या नकलेवर शिक्का घ्या. दाद लागली नाही तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. कलम ३२ प्रमाणे तीन महिन्यांत निर्णय व्हायला पाहिजे. तो पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील.

तक्रार जूनमध्ये दिली तर मुदत सप्टेंबरात भरते, टोळी निघायच्या आधी. दिवाळीला दिली तर कागद इथं अन् पोरगी फडावर.

नववीला या कायद्याचा आधार नाही. म्हणून आठवीची जागा आपण सोडायची नाही.