नकार शेवटी येतो



बाई फळ्याकडे वळून सांगतात, 'उद्या चित्रकलेच्या वह्या आणायच्या नाहीत.' मराठी वाक्यात नकार शेवटी येतो आणि नेमका शेवटीच बोलणाऱ्याचा आवाज उतरतो. त्यातून वर पंख्याची घरघर, बाहेर पत्र्यावर कोसळणारा पाऊस. कानामागे यंत्र लावलेल्या, शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या वाट्याला 'वह्या आणायच्या' एवढेच येते. दुसऱ्या दिवशी वही घेऊन तो एकटाच येतो. वर्ग हसतो. गुणपत्रिकेत ही घटना कोठेच उमटत नाही. मुलाच्या मनात मात्र ती घर करते.

कॉक्लियर इम्प्लांट म्हणजे चष्मा नव्हे, की लावला आणि दिसू लागले. निरोगी अंतःकर्णात सुमारे 15 हजार केशपेशी ध्वनी टिपतात. त्यांचे काम येथे 12 ते 22 विद्युताग्रे करतात. त्या तुटपुंज्या संकेतांतून शब्द ओळखण्यास मेंदूला शिकावे लागते. बधिर पित्याचा पुत्र असलेल्या ऑस्ट्रेलियातील डॉ. ग्रॅम क्लार्क यांनी 1978 साली मेलबर्नमध्ये आपल्या बहुविद्युताग्री यंत्राचे पहिले रोपण केले. मुंबईत ही शस्त्रक्रिया रुजविणाऱ्यांपैकी डॉ. मिलिंद कीर्तने यांना 2014 साली पद्मश्री लाभली. त्याच वर्षी केंद्राच्या एडिप योजनेत एका रोपणासाठी सहा लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली, आणि जे श्रीमंतांचे होते ते श्रमिकांच्या उंबरठ्याशी आले. बालकांच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम 2013 साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथूनच सुरू झाला, हेही प्रसंगोपात्त नमूद करण्याजोगे.

परंतु शस्त्रक्रिया काही तासांची असते. वाचा-उपचार काही वर्षांचा. 1983 साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वांद्र्याला आहे. मोहन्याच्या मातेने तेथे जायचे, तर आंबिवलीहून लोकल, दादरला बदल, आणि कडेवर मूल. एनआरसी कारखाना 2009 साली बंद पडल्यानंतर या गावातील कित्येक घरांचा हिशेब कसा कोलमडला, हे येथे कोणाला सांगावयास नको. अशा घरात एक दिवसाची बुडालेली मजुरी आणि प्रवासखर्च यांचे ओझे होते. यंत्राची हमी संपल्यावर बिघडणारी केबल आणि कमजोर होणारी बॅटरी, हा वेगळाच घोर. एवढे करून मूल बोलू लागते, सर्वसाधारण शाळेत प्रवेश मिळतो, पेढे वाटले जातात. वास्तविक खरी परीक्षा तेथून पुढे सुरू होते.

'समजले का?' असे विचारले की हे मूल मान डोलावते. ते खोटे बोलत नसते; पुन्हा विचारून सर्वांच्या नजरा ओढवून घेणे त्याला नको असते. म्हणून 'समजले का' ऐवजी 'काय समजले ते सांग' असे विचारावे. ओठांकडे पाहून त्याला मदत होते, पण पूर्ण नाही. 'पान', 'बाण' आणि 'मान' ओठांवर सारखेच दिसतात. क आणि ग तर ओठांवर दिसतच नाहीत. फळ्याकडे तोंड करून शिकविणारा शिक्षक हा आधारही काढून घेतो. शिक्षकाचा आवाज वर्गातील गोंगाटापेक्षा सुमारे 15 डेसिबलने वर असावा, असे तज्ज्ञ सांगतात. साठ मुलांच्या वर्गात ते कठीण खरे. पण पहिला-दुसरा बाक, खडखडणाऱ्या पंख्याला तेल आणि गृहपाठ फळ्यावर लिहून देणे, यांना कोणते अनुदान लागते? दुपारपर्यंत हे मूल थकते, कारण ऐकणे हेच त्याचे श्रम असतात. त्याला आळशी ठरविणे हा अन्याय होय.

2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात इम्प्लांट असलेल्या 8 ते 16 वर्षांच्या मुलांनी स्वतःच्या जीवनाविषयी दिलेली उत्तरे ऐकणाऱ्या मुलांशी एकंदरीत मिळतीजुळती होती. दिलासा देणारीच गोष्ट! मात्र लहान मुले जेवढी समाधानी होती, तेवढी किशोरवयीन नव्हती. नवल नाही. पाचवीपर्यंत मैत्री लगोरीत असते. आठवीत ती कुजबुजीत शिरते, आणि कुजबुज या यंत्राला सहसा सापडत नाही.

म्हणूनच मधल्या सुटीकडे लक्ष हवे. जूनमध्ये वर्ग भरला की त्या मुलाची व पालकांची संमती घेऊन ते यंत्र सर्वांना एकदा दाखवावे. कुतूहल शमले की चेष्टा ओसरते. कंपासपेटीत जादा बॅटरी असावी, ती कशी बदलायची हे शेजारच्या मित्रालाही ठाऊक असावे. डोक्यावर आघात होईल असे खेळ टाळावेत, पण खेळापासून तोडू नये. पावसात यंत्र काढून खो-खो खेळणाऱ्या मुलाला शिट्टी ऐकू येत नाही. शिट्टीबरोबर पंचांनी रुमाल हलविला, तर डाव थांबल्याचे त्यालाही इतरांबरोबरच कळते.